डॉक्टरांच्या टोपीतली नळी

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर आधी उलटसुलट करून बघाल आणि म्हणाल, हा खुर्चीचा मोडका पाय दिसतोय. म्हणा खुशाल. मला त्याची सवय आहे. वीतभर लांबी, एका टोकाला छोट्या कर्ण्यासारखं तोंड, दुसऱ्या टोकाला कान टेकवायची चकती आणि मधून आरपार भोक. मी छातीवर ठेवून आतलं ऐकायची लाकडी नळी आहे. दोन रबरी शेपट्यांचा स्टेथोस्कोप तुम्ही पाहिला असेल, त्याची मी खापरपणजी म्हणा हवं तर. पण खापरपणजी म्हटलं की पोरं मांडी ठोकून गोष्ट ऐकायला बसतात, आणि माझी गोष्ट जरा अंगावर येणारी आहे. तेव्हा ज्याला भीती वाटेल त्याने उठून जावं, मला राग येणार नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात, वेल्डन हॉलो नावाच्या गावात झाला. हेमन कॉय नावाचा खुर्च्या करणारा सुतार होता. डॉक्टर असाहेल पेल्टन तेव्हा नुकतेच शिकून आले होते. त्यांनी एका कागदावर माझं चित्र काढून हेमनपुढे ठेवलं. हेमनने कागद लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, की यातून दारू ओतायची की गायीला औषध पाजायचं? डॉक्टर म्हणाले, यातून माणूस ऐकायचा. हेमन आठवडाभर भेटेल त्याला हे सांगून हसत होता. पण हात त्याचा सोन्याचा. देवदाराच्या लाकडातून त्याने मला असं काही कातून काढलं, की आजही माझ्या अंगावर एक ओरखडा सापडणार नाही.

राहायला मला डॉक्टरांची टोपी मिळाली. त्या काळी डॉक्टर मंडळी उंच काळ्या टोप्या घालत आणि आमच्यासारख्या नळ्या त्या टोपीतच ठेवत. केसांच्या तेलाचा वास, अंधार आणि घोड्याच्या चालीचे हेलकावे, असे माझे दिवस जात. आजाऱ्याच्या खोलीत शिरलं की डॉक्टर टोपी काढत. लोकांना वाटे, काय अदब आहे माणसाला! अदब होतीच, पण टोपी माझ्यासाठी निघायची.

माझ्यातून किती छात्या ऐकल्या गेल्या याची गणती नाही. तुम्हाला माणसं तोंडावरून ओळखता येतात, मला ठोक्यावरून येतात. हेमनचं हृदय घाईत असायचं. डॉक्टरांची बायको लोव्हिना, तिचं ठाम आणि संथ. गावात माझं कौतुक फार झालं. पेल्टन डॉक्टर नळी लावतात आणि जे आहे ते सांगतात, असं लोक म्हणत. हे 'जे आहे ते' म्हणजे आमच्या डॉक्टरांचा धर्मच होता. मरणाऱ्याला मरणार म्हणायचे, ढोंग करणाऱ्याला ढोंगी. लोव्हिना चिडवायची, की तुम्हाला गोड बोला म्हटलं तर तुम्ही साखरेचं वजन सांगाल.

आता टटलांच्या घरी चला.

ऑरिन टटल हा डोंगरावरचा शेतकरी. बायको क्षयाने गेलेली. दोन मुली, थोरली थर्झा आणि धाकटी अल्मायरा. थर्झाला खोकला लागला तेव्हा मला तिच्या छातीवर ठेवलं, आणि ते हृदय मी कधी विसरले नाही. चार ठोके पडायचे, मग एक ठोका गायब. जणू कुणी जिन्यावर चढताना चार पायऱ्यांनी थांबून मागे बघावं. पुन्हा चार, पुन्हा थांबणं. डॉक्टर म्हणाले, जन्मापासून असेल, त्याने काही बिघडत नाही, बिघडलंय ते फुफ्फुस. थर्झा जानेवारीत गेली. वय बावीस.

आमच्याकडे थंडीत मेलेल्याला लगेच पुरता येत नाही. जमीन लोखंडासारखी होते, कुदळ उलटून अंगावर येते. म्हणून दफनभूमीच्या कडेला टेकडीत खोदलेली दगडी कोठी असते. हिवाळ्यातले सगळे मेलेले तिथे फळ्यांवर ओळीने ठेवतात आणि मे महिन्यात पुरतात. तोवर ते तिथेच, दाराआड, थंडगार. येताजाता लोक त्या दाराकडे बघून मान हलवतात, जशी शेजाऱ्याच्या दाराकडे बघून हलवावी.

मार्च आला, पाकासाठी मेपलचा गोड रस काढायला झाडांना बादल्या लागल्या आणि अल्मायरा खोकायला लागली. एकोणीस वर्षांची पोर. डॉक्टरांनी मला तिच्या छातीवर ठेवलं. डाव्या बाजूला वरती तीच खरखर होती. डॉक्टरांनी ऑरिनला जे आहे ते सांगितलं.

गावात कझाया मावशी म्हणून एक बाई होत्या. त्यांना सगळंच गाव मावशी म्हणे. मेलेल्यांना न्हाऊ घालण्याचं, त्यांचे डोळे मिटण्याचं काम त्यांचं. त्या ऑरिनकडे गेल्या आणि म्हणाल्या, की आधी आई, मग थोरली, आता धाकटी. हे आजाराचं काम नव्हे. कोठीत पडलेली थर्झा बहिणीला शोषतेय. तिचं हृदय काढून बघा. आत ताजं रक्त असेल तर ते अल्मायराचं आहे. हृदय जाळायचं आणि राख आजाऱ्याला पाजायची. मावशींच्या आजोबांच्या वेळेपासून असंच करत आलेत. फक्त छाती उघडायला डॉक्टर लागतो, कारण ते काम खाटकाने केलं तर पाप लागतं.

डॉक्टरांनी आधी साफ नकार दिला. मग विचार केला. तो विचार टोपीत मला जवळजवळ ऐकू येत होता. घरी येऊन त्यांनी लोव्हिनाला सांगितलं, की मी जातो. मी स्वतः उघडून दाखवतो, मेलेल्याच्या हृदयात रक्त कसं राहतं, थंडीत ते कसं टिकतं. एकदा डोळ्यांनी बघितलं की हे खूळ कायमचं जाईल.

"तुम्ही शिकवायला जाताय," लोव्हिना म्हणाली. "ते शिकायला येत नाहीयेत."

डॉक्टरांनी ऐकलं नाही. शिकलेल्या माणसाला वाटतं, खरं सगळं सांगितलं की ऐकणारा सगळं ऐकतो. त्यांचं चुकलं ते इथेच.

सकाळी दहाच्या सुमाराला कोठीचं दार उघडलं. लख्ख ऊन होतं, बादल्यांत रस टपटपत होता. आत ऑरिन, त्याचा भाऊ, चर्चचे दोघे वडीलधारे आणि कझाया मावशी होत्या. थर्झा फळीवर होती, दोन महिन्यांपूर्वी निजवली तशीच. गालांवर रंग होता. सांगते, मलाही बरं वाटलं नाही ते. ऑरिनने डॉक्टरांचा हात धरला आणि म्हणाला, की आधी ऐका तरी एकदा. डॉक्टरांना त्याची दया आली. त्यांनी टोपीतून मला काढलं आणि त्या थंड छातीवर ठेवलं.

मेलेल्या छातीवर मी आधीही टेकले होते. आत काहीच नसतं, रिकाम्या खोलीसारखं. इथे तसं नव्हतं. आवाज नव्हता, हे खरं. पण आत कुणीतरी श्वास धरून बसलंय आणि आपण जायची वाट बघतंय, तसं ते गप्प होतं. डॉक्टरांनी कान काढला आणि म्हणाले, काही नाही.

पुढचं सगळं सांगत नाही, तुम्ही लहान आहात. डॉक्टरांनी हृदय हातात घेतलं, कापलं आणि जे आहे ते सांगायला सुरुवात केली. "होय, रक्त आहे," ते म्हणाले. "पण या थंडीत ते कुणाच्याही..."

पुढचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. "बघा," कझाया मावशी म्हणाल्या, आणि ऑरिन गुडघ्यांवर बसला. डॉक्टर बोलत राहिले, समजावत राहिले, शेवटी ओरडले. तोवर कोठीमागच्या सपाट दगडावर सरपण रचून झालं होतं.

मी परत टोपीत होते आणि टोपी डॉक्टरांच्या हातात उलटी होती, म्हणून मला सगळं दिसलं. अल्मायराला शालीत गुंडाळून आणलं होतं. राख गरम पाण्यात कालवली, वर मेपलचा पाक घातला, कडू लागू नये म्हणून. तिने वाटीकडे बघितलं आणि बापाला विचारलं, "ही थर्झा आहे ना?" ऑरिन रडत होता. तिने डोळे मिटले आणि बापासाठी ती वाटी पिऊन टाकली.

आणि मित्रांनो, ती बरी झाली.

मे महिन्यात खोकला कमी झाला, जूनमध्ये गेला. क्षय कधीकधी आपला आपण बरा होतो, दहात एखाद्याचा. डॉक्टर हे घरोघर सांगत फिरले. लोक मान हलवत आणि त्यांचे आभार मानत. डॉक्टरांनीच तर रक्त दाखवलं होतं! दारात चीज येऊ लागलं, पाकाचे डबे येऊ लागले. डॉक्टर त्याला हात लावत नसत, लोव्हिना ते मुकाट्याने गरजूंना वाटून टाकी. टटलची पोरगी वाचली, ही बातमी घाटापलीकडे गेली. सहा वर्षांत आसपासच्या गावांत सात मेलेल्यांची हृदयं जाळली गेली. राख पिणारं एकही माणूस वाचलं नाही. ते कुणी लक्षात ठेवलं नाही. डॉक्टर मात्र सातही नावं पाठ म्हणत, घोड्यावर बसल्या बसल्या, स्वतःशीच.

मग गावाने त्यांना आमदार केलं. खरं बोलणारा माणूस म्हणून एकमताने. गावाला घाटातून रस्ता हवा होता. डॉक्टरांनी रस्त्याचं विधेयक नेलं आणि त्याच्यासोबत दुसरंही नेलं. न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय कुणाचीही कबर किंवा कोठी उघडायची नाही, मृताच्या देहाला हात लावायचा नाही. गावात कळलं तेव्हा कझाया मावशी भर चर्चच्या पायऱ्यांवर म्हणाल्या, "आमच्या मतांवर जायचं आणि आमच्याच मेलेल्यांना कुलूप लावायचं! छान हो डॉक्टर." लोव्हिनाचंही मत होतं, की आधी रस्ता करा, लोकांना दुखवू नका. डॉक्टर हट्टाला पेटले, तेव्हा ती तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ते तसेच राजधानीला, माँटपेलिअरला निघाले.

निघायच्या आदल्या दिवशी अल्मायरा आली होती. आता पंचवीस वर्षांची, अंगाने भरलेली, गालांवर रंग. तो रंग बघून लोक तिच्यापासून दोन हात लांब राहत. बायका गुपचूप तिच्या बाहीला हात लावून घेत, पण लग्नाचं कुणी विचारत नसे. ती खुर्चीच्या अर्ध्या भागावरच बसली, उरलेली जागा कुणासाठी तरी सोडून. मी टोपीत, टोपी खुंटीवर, पण ऐकू सगळं आलं. ती म्हणाली, की आत आम्ही दोघी आहोत. माझं चालतं, आणि त्याच्या मागे तिचं चालतं. डॉक्टर, एकदा ऐका.

डॉक्टरांनी मला खुंटीवरून काढलं नाही. कफ आहे म्हणाले, काढा लिहून दिला. अख्ख्या आयुष्यात त्या एका दिवशी मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

ऑक्टोबरात विधेयक समितीपुढे आलं. खोलीत चाळीसेक माणसं होती. विरोधात ऑगस्टस क्रेन नावाचा डोंगराळ भागातला आमदार होता, बोलण्यात तरबेज. त्याच्याच गावचा एक बाप मागच्या बाकावर टोपी चुरगळत बसला होता. त्याचा मुलगा उन्हाळ्यात गेला होता आणि घरी धाकटी मुलगी खोकत होती. विधेयक पडलं तर येत्या शनिवारी तो मुलाची कबर उघडणार होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, डॉक्टरांनाही. क्रेनने साक्षीला अल्मायराला आणलं होतं.

"ही बघा," क्रेन म्हणाला. "जिवंत आहे ना? पेल्टनसाहेब, तुमची ती प्रसिद्ध नळी लावा आणि सगळ्यांना सांगा, आत काय आहे ते. तुम्ही खोटं बोलत नाही, आम्ही ऐकून आहोत."

अध्यक्षांनी मान हलवली. अल्मायरा खिडकीपाशी खुर्चीवर बसली आणि गळ्याची बटणं सैल करता करता फक्त डॉक्टरांना ऐकू जाईल असं म्हणाली, "किती आहेत ते सांगा. तुम्ही सांगाल ते मी मानेन. मला झोप हवीय हो, डॉक्टर."

डॉक्टरांनी मला ठेवलं.

डाव्या फुफ्फुसात वरती जुना व्रण होता, भरलेला, सुकलेला. खाली तिचं हृदय होतं, घाबरलेलं, पण धडधाकट. आणि त्याच्या मागे, जरा खोल, भिंतीपलीकडच्या खोलीत कुणी चालावं तसे आणखी ठोके. चार पडले. मग थांबले. पुन्हा चार. मी लाकूड आहे, मित्रांनो. मी काही मनाने रचत नाही, येतं ते पोचवते. मी ते पोचवलं. डॉक्टरांचा कान माझ्यावर इतका घट्ट दाबला गेला, की चकतीची कड त्यांच्या गालावर उमटली. नंतर त्यांनी स्वतःला सांगितलं असेल, की हृदयाची झडप उशिरा मिटते, नाद दुहेरी होतो. पुस्तकात तसं लिहिलेलं आहे. पण पुस्तकातल्या झडपेला थर्झाची चाल ठाऊक नसते.

ते सरळ उभे राहिले. मला वाटलं, आता ते जे आहे ते सांगणार. माझ्या अंगाला तेव्हा घाम फुटायची सोय असती, तर फुटला असता.

"एक," डॉक्टर म्हणाले. "एकच हृदय आहे, आणि ते हिचं स्वतःचं आहे. फुफ्फुसावर व्रण आहे, तो आपला आपण भरलाय. राखेने व्रण भरत नाही. सहा वर्षांपूर्वी मी एक वाक्य बोललो आणि दुसरं कुणाला ऐकू गेलं नाही. म्हणून आज दुसरं आधी सांगितलं."

अल्मायराने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग तोंडावर दोन्ही हात घेऊन ती रडली, आणि रडून झाल्यावर पूर्ण खुर्चीभर नीट मागे टेकून बसली. समितीने विधेयक पुढे धाडलं आणि त्याच आठवड्यात सभागृहात ते अकरा मतांनी पास झालं. मागच्या बाकावरचा बाप घरी गेला. त्याची मुलगी वाचली नाही, पण तिला काही प्यावं लागलं नाही. मुलगा होता तिथेच राहिला.

त्या दिवसानंतर डॉक्टरांनी मला कुणाच्या छातीला लावलं नाही. दोन कानांची नवी रबरी नळी आणली. टोपी कपाटावर गेली, मी टोपीतच. वीस वर्षं धूळ खाल्ली. मला राग येत असे, का सांगू? चूक माझी नव्हती. मी खरं पोचवलं होतं. आणि खोटं बोलायला लागलं ते माझ्यामुळे, म्हणून माझं तोंड बघायला नको होतं त्यांना. तेव्हा मला ते पटत नसे. आता थोडं पटतं.

मग डॉक्टर म्हातारे झाले आणि अंथरुणाला खिळले. एका दुपारी अल्मायरा भेटायला आली. तिचं लग्न झालं होतं, तीन मुलं होती. येताना सफरचंदं भरून भाजलेला गोड पदार्थ घेऊन आली होती, तो घेऊन लोव्हिना स्वयंपाकघरात गेली. खोलीत दोघंच उरली. डॉक्टरांनी कपाटावर बोट दाखवलं. तिने टोपी काढली, मला काढलं, आपल्या मोठ्या एप्रनने पुसलं आणि मांडीवर घेऊन बसली.

"मी त्या दिवशी दोन ऐकले," डॉक्टर म्हणाले.

"ठाऊक आहे मला. मी तुमच्या तोंडाकडेच बघत होते."

डॉक्टरांनी विचारलं, "अजून?"

"अजून. पण तुम्ही चारचौघांत एक म्हणालात ना, तेव्हापासून ती भांडत नाही." तिने त्यांचं पांघरूण सारखं केलं. "मी झोपते आता, डॉक्टर. रोज झोपते."

ते हसले. बऱ्याच वर्षांनी मी त्यांचं हसू ऐकलं. मग त्यांचा श्वास विचित्र झाला. अल्मायराने त्यांच्या सदऱ्याची बटणं काढली, मला छातीवर ठेवलं आणि कान टेकवला. इतकी वर्षं मी त्यांच्या कानाशी होते, पण त्यांचं हृदय मी पहिल्यांदाच ऐकत होते. थकलेलं, सरळसाधं. पाच-सहा ठोके दिले आणि ते थांबलं. आत रिकामी खोली झाली.

तेवढ्यात लोव्हिना दारात आली. हातात बशी होती. अल्मायराचा वाकलेला माथा बघून तिला काय ते कळलं, आणि तरी तिने विचारलं, "आहेत ना अजून?"

अल्मायराने माझ्यावरून कान उचलला नाही. "आहेत," ती म्हणाली. "चालू आहे. या, बसा. बोला त्यांच्याशी, त्यांना ऐकू जातंय."

लोव्हिनाने बशी खाली ठेवली, नवऱ्याचा हात हातात घेतला आणि बोलली. म्हणाली, की माँटपेलिअरला निघालात तेव्हा मी तीन दिवस अबोला धरला होता. तुम्ही गाडीत बसलात तेव्हाच तो राग गेला होता माझा, पण मी धावत बाहेर आले नाही. यायला हवं होतं. एवढंच राहिलं होतं सांगायचं. ती बोलत होती तोवर अल्मायरा माझ्यावर कान ठेवून तशीच वाकून राहिली, पाठ अवघडली तरी. लोव्हिना गप्प झाली, तेव्हा तिने हळूच मला उचललं आणि म्हणाली, "आता थांबलं."

मित्रांनो, मी आता गावच्या शाळेत काचेच्या कपाटात असते. मला तेल लावा, वाळवीपासून जपा, खुर्चीचा पाय म्हणून चुलीत घालू नका, एवढं मागणं आहेच. पण दुसरंही एक आहे. उद्या तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी आमदार होईल, कुणी नुसताच शेजारी होईल. कुणाच्या छातीला कान लावायची वेळ सगळ्यांवर येते. तेव्हा आत काय वाजतंय ते नीट ऐका, काही सोडू नका. मग मान वर करा, समोर कोण बसलंय त्याच्याकडे एकदा बघा, आणि त्यानंतरच तोंड उघडा.